विमानभाडे अंदाज साधने

विमानभाडे अंदाज साधने म्हणजे विमानाचे तिकीट केव्हा विकत घ्यावे हे ठरवण्यासाठी प्रवाशाला साहाय्य करणारी संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप होत. ही साधने निरनिराळ्या विमान कंपन्यांचे दर एकत्र दाखवतात, एखाद्या मार्गावरील दरांची जुनी नोंद ठेवतात, दर बदलल्यास सूचना पाठवतात आणि काही साधने दर पुढे वाढेल की उतरेल याचा अंदाजही देतात. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कायाक आणि हॉपर ही या प्रकारातील जगभर वापरली जाणारी साधने आहेत. भारतात मेकमायट्रिप, यात्रा, क्लिअरट्रिप आणि इक्सिगो या संकेतस्थळांचाही त्यासाठी वापर होतो.

या साधनांचा अंदाज हा संभाव्यतेवर आधारलेला असतो. तो दराची हमी नसतो. तसेच बहुतेक साधने केवळ तिकिटाच्या दराचा विचार करतात. विमानतळापासून दूर राहणाऱ्या प्रवाशाला, उदाहरणार्थ सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबसारख्या गावातील रहिवाशाला, घरापासून गंतव्यापर्यंतचा एकूण खर्च स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात विमानभाडी सरकारी नियंत्रणाखाली होती व ती वारंवार बदलत नसत. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत विमान वाहतुकीवरील नियंत्रण उठवले आणि दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. भारतात १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले होते. हा कायदा १९९४ मध्ये रद्द झाल्यावर खासगी कंपन्यांना नियमित सेवा चालवण्याचा मार्ग मोकळा झाला. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एअर डेक्कनने कमी दराच्या विमानसेवेची कल्पना भारतात रुजवली. एकाच विमानातील शेजारशेजारच्या आसनांना वेगवेगळा दर असू शकतो, याचा अनुभव सर्वसामान्य भारतीय प्रवाशाला प्रामुख्याने या काळापासून येऊ लागला.

भाडे कसे ठरते

विमानातील आसन ही नाशवंत वस्तू मानली जाते. विमान उडाल्यानंतर रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. उलट सर्व आसने आधीच स्वस्तात विकली गेली, तर ऐनवेळी जास्त पैसे देण्यास तयार असलेला प्रवासी परत जातो. या दोन तोट्यांमधील मध्यबिंदू शोधण्याच्या शास्त्राला महसूल व्यवस्थापन म्हणतात.

या शास्त्राचा पाया ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या नियमाने घातला. नियमाचा आशय एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या मार्गावर सवलतीचा दर ४,००० रुपये आणि पूर्ण दर ८,००० रुपये आहे असे मानू. एखादे आसन राखून ठेवल्यास ते पूर्ण दराने विकले जाण्याची शक्यता ५० टक्क्यांहून अधिक असेल, तर ते सवलतीत न विकणे कंपनीला फायद्याचे ठरते. शक्यता त्याहून कमी असेल तर ते सवलतीत विकून टाकणे बरे.

प्रत्यक्षात कंपन्या विमानातील आसने अनेक दरश्रेणींत विभागतात. सर्वांत खालच्या श्रेणीतील आसने संपली की पुढील श्रेणीचा दर दिसू लागतो. त्यामुळे भाडे हळूहळू चढण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उडी घेते. मागणी अपेक्षेपेक्षा कमी राहिल्यास कंपनी बंद केलेली स्वस्त श्रेणी पुन्हा उघडते आणि दर खाली येतो. अंदाज साधने या श्रेणी केव्हा उघडतील व केव्हा बंद होतील, हेच जुन्या नोंदींवरून ओळखण्याचा प्रयत्न करतात.

साधनांचा इतिहास

भाड्याचा अंदाज संगणकाकडून करून घेण्याच्या प्रयत्नांत वॉशिंग्टन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ ओरेन एट्झिओनी यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. भावाच्या लग्नासाठी त्यांनी बरेच आधी तिकीट काढले होते. मात्र विमानात शेजारच्या प्रवाशांकडे चौकशी केल्यावर नंतर तिकीट घेणाऱ्यांनी कमी पैसे दिल्याचे त्यांना आढळले. या अनुभवातून सुरू झालेले संशोधन २००३ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाले. शेक्सपिअरच्या नाटकातील प्रसिद्ध द्विधेवरून त्यांनी आपल्या प्रणालीला ‘हॅम्लेट’ हे नाव दिले. ४१ दिवसांत जमवलेल्या १२,००० हून अधिक दरनोंदींवर ही प्रणाली तपासण्यात आली. सर्व भावी दर आधीच ठाऊक असते तर जितकी बचत शक्य होती, तिच्या ६१.८ टक्के बचत या प्रणालीने संगणकीय चाचणीत साधली.

या संशोधनातून फेअरकास्ट ही कंपनी उभी राहिली. ‘आता घ्या’ किंवा ‘थांबा’ असा सरळ सल्ला देणे हे तिचे वैशिष्ट्य होते. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि तिची सेवा बिंग ट्रॅव्हलमध्ये समाविष्ट केली. अंदाज देण्याची सुविधा पुढे २०१४ मध्ये बंद करण्यात आली. दरम्यान, विमानभाड्यांचा शोध घेणारी आज्ञावली बनवणारी आयटीए सॉफ्टवेअर ही कंपनी गूगलने २०११ मध्ये ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी गूगल फ्लाइट्स ही सेवा सुरू केली. कॅनडातील माँट्रिऑल येथे २००७ मध्ये स्थापन झालेल्या हॉपरने मोबाइल अ‍ॅपद्वारे भाड्याचा अंदाज लोकप्रिय केला.

भारतात मेकमायट्रिपची स्थापना २००० मध्ये झाली. सुरुवातीला तिचा भर अमेरिकेतील भारतीयांवर होता आणि २००५ पासून तिने भारतातील प्रवाशांसाठी सेवा सुरू केली. त्यानंतर २००६ मध्ये यात्रा व क्लिअरट्रिप आणि २००७ मध्ये इक्सिगो ही संकेतस्थळे सुरू झाली.

साधनांचे प्रकार

* तुलना साधने: एकाच मार्गावरील विविध कंपन्यांचे व विक्रेत्यांचे दर एकत्र दाखवतात. दाखवलेला दर अंतिम असेलच असे नाही. सुविधा शुल्क, सामान आणि आसननिवडीचा आकार पैसे भरण्याच्या टप्प्यावर वाढू शकतो.
* दर-दिनदर्शिका: महिन्यातील प्रत्येक तारखेचा सर्वांत कमी दर दाखवते. प्रवासाची तारीख पुढेमागे करणे शक्य असलेल्या प्रवाशाला या साधनाचा सर्वाधिक उपयोग होतो.
* दरसूचना: निवडलेल्या मार्गाचा दर बदलल्यावर ईमेल किंवा मोबाइलवर संदेश येतो.
* दरपातळी दर्शक: आजचा दर त्या मार्गावरील नेहमीच्या दरांच्या तुलनेत कमी, सर्वसाधारण की जास्त आहे हे सांगतो. हे भविष्याचे भाकीत नसून भूतकाळाशी केलेली तुलना असते.
* अंदाज साधने: दर वाढण्याची वा उतरण्याची संभाव्यता वर्तवून खरेदीचा सल्ला देतात.

अंदाज आणि निर्णय

दर उतरण्याची शक्यता अधिक असली तरी थांबणे नेहमीच फायद्याचे ठरत नाही, कारण दर उतरतो तेव्हा होणारा लाभ आणि चढतो तेव्हा होणारा तोटा समान नसतात. आजचा दर ५,००० रुपये असून तो ५०० रुपयांनी उतरण्याची शक्यता ६० टक्के आणि १,५०० रुपयांनी चढण्याची शक्यता ४० टक्के आहे असे मानल्यास, थांबण्याचा सरासरी लाभ ३०० रुपये आणि सरासरी तोटा ६०० रुपये येतो. म्हणजे अंदाज ‘दर उतरण्याची शक्यता अधिक’ असा असूनही थांबल्यास सरासरी ३०० रुपयांचे नुकसान होते. प्रस्थानाची तारीख जवळ येते तसा चढीचा धोका साधारणपणे वाढत जातो.

म्हणून अंदाजाचा उपयोग प्रवासाच्या स्वरूपानुसार बदलतो. तारीख बदलता येत असेल किंवा प्रवास रद्द करणे शक्य असेल, तर दरसूचना लावून थांबण्यात फारसे नुकसान नसते. परीक्षा, मुलाखत, व्हिसाची भेट, लग्न किंवा रुग्णालयातील उपचार यांसारख्या निश्चित तारखेच्या प्रवासात मात्र परवडणारा दर मिळताच तिकीट घेणे अधिक सुरक्षित ठरते.

भारतीय विमान वाहतूक नियमांतील प्रवासी सनदेत (२०१९) तिकीट काढल्यापासून २४ तासांच्या आत, प्रस्थान किमान ७ दिवस दूर असल्यास, ते शुल्काविना रद्द करण्याची तरतूद करण्यात आली होती. या तरतुदीमुळे आधी तिकीट घेऊन नंतर इतर पर्याय तपासण्याची संधी प्रवाशाला मिळाली.

भारतातील दरनियमन

भारतात विमान कंपन्या आपले दर स्वतः ठरवतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये दरांवर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. विशेष परिस्थितीत सरकारने दरांवर मर्यादाही घातल्या आहेत. कोविड-१९ च्या टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा उड्डाणाच्या कालावधीनुसार किमान व कमाल दर ठरवून देण्यात आले. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पासून संपुष्टात आली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर सरकारने अंतरानुसार तात्पुरती कमाल मर्यादा लागू केली. ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी ती ७,५०० रुपये होती.

प्रादेशिक विमानसेवेसाठी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या उडान योजनेत काही आसनांना दराची मर्यादा असते. सुरुवातीला ती सुमारे एका तासाच्या उड्डाणासाठी २,५०० रुपये होती. अशी आसने मोजकी असल्याने या योजनेखालील मार्गांवर दर उतरण्याची वाट पाहण्यापेक्षा लवकर तिकीट घेणे हितावह ठरते.

भारतीय परिस्थितीतील मर्यादा

अंदाज साधने मागील वर्षांच्या नोंदींवर अवलंबून असतात. भारतीय सण चांद्र पंचांगानुसार येत असल्याने इंग्रजी दिनदर्शिकेवर आधारलेली तुलना फसू शकते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. मागील वर्षी याच तारखेला स्वस्त असलेला मार्ग या वर्षी सणाच्या गर्दीत सापडू शकतो. म्हणून तारखेऐवजी सणापासूनचे दिवस मोजून केलेली तुलना अधिक विश्वासार्ह असते. शालेय सुट्ट्या आणि लग्नसराई यांचाही दरांवर परिणाम होतो.

अकस्मात घडणाऱ्या घटनांपुढेही जुन्या नोंदी अपुऱ्या पडतात. जेट एअरवेजची सेवा एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची सेवा मे २०२३ मध्ये थांबली. अशा वेळी उपलब्ध आसने एकदम घटून उरलेल्या कंपन्यांचे दर वाढतात, तर बंद पडलेल्या कंपनीचे तिकीट आगाऊ घेतलेल्या प्रवाशांचे पैसे अडकतात. आगाऊ खरेदीतील हा धोका कोणतेही अंदाज साधन दरात धरत नाही.

मोडनिंब व सोलापूर परिसर

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर महामार्गावर आणि कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावर वसलेले आहे. पुणे, सोलापूर व हैदराबाद ही तिन्ही शहरे जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ गावाजवळून जात असल्याने येथील प्रवाशाला एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांना विमानतळ उपलब्ध होतात. सोलापूर विमानतळ सर्वांत जवळ आहे. पुण्याचे लोहगाव विमानतळ सुमारे १९० किलोमीटरवर असून हैदराबाद त्याहून बरेच लांब पडते.

सोलापूर विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. फ्लाय९१ या कंपनीने ९ जून २०२५ रोजी सोलापूर–गोवा आणि स्टार एअरने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सोलापूर–मुंबई सेवा सुरू केली. अशा नव्या व मोजक्या उड्डाणांच्या मार्गांवर अंदाज साधनांची उपयुक्तता मर्यादित राहते. एक तर जुन्या नोंदी थोड्या असतात. दुसरे, स्टार एअरच्या एम्ब्रेअर विमानात ७६ आसने असतात, तर मोठ्या मार्गांवरील एअरबस ए३२० विमानात ती सुमारे १८० असतात. लहान विमानात एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाने किंवा सहलीच्या गटाने तिकिटे काढली तरी स्वस्त श्रेणी संपून दर लगेच वर जातो. तिसरे, स्पर्धक कंपनी नसल्यास दर उतरण्याचे कारणही कमी असते. याउलट पुणे–दिल्ली किंवा मुंबई–दिल्ली यांसारख्या मार्गांवर रोज अनेक कंपन्यांची उड्डाणे असल्याने तेथे साधनांचा अंदाज तुलनेने उपयोगी पडतो.

मोडनिंबच्या प्रवाशासाठी अनेकदा तिकीट कोणत्या दिवशी घ्यावे यापेक्षा कोणत्या विमानतळावरून जावे हा प्रश्न अधिक पैशांचा ठरतो. दिल्लीसाठी पुण्याहून ५,५०० आणि मुंबईहून ४,९०० रुपये दर आहे असे मानल्यास एकट्या प्रवाशाची बचत ६०० रुपये दिसते. परंतु पुण्याच्या पुढे मुंबईपर्यंतचे भाडे, जेवण आणि लागणारा वेळ जमेस धरता ही बचत उरत नाही. तिघांच्या कुटुंबाने एकच गाडी ठरवली, तर तिकिटांतील फरक १,८०० रुपये होतो आणि गाडीचा वाढीव खर्च मात्र तेवढाच राहतो. प्रवाशांची संख्या वाढते तसा लांबचा पण स्वस्त विमानतळ परवडण्याची शक्यता वाढते.

उड्डाणाची वेळही एकूण खर्चात मोडते. साधने दर कमी असल्यामुळे पहाटेची उड्डाणे वरच्या क्रमांकावर दाखवतात. पुण्याहून सकाळी ६ वाजता निघणारे विमान गाठण्यासाठी मोडनिंबहून मध्यरात्रीच निघावे लागते किंवा पुण्यात मुक्काम करावा लागतो. मुंबईला जाण्यासाठी रेल्वेचा पर्यायही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूर–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस आणि रात्री धावणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस या दोन्ही गाड्या कुर्डुवाडीला थांबतात.

मुंबई परिसरात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी उड्डाणे सुरू झाली. सोलापूर महामार्गाने व पुढे द्रुतगती मार्गाने येणाऱ्यांना पनवेलजवळील हा विमानतळ सोयीचा पडतो. मात्र काही साधने ‘मुंबई’ या एकाच नावाखाली दोन्ही विमानतळांची उड्डाणे दाखवतात, त्यामुळे तिकीट घेण्यापूर्वी विमानतळाचे नाव तपासणे आवश्यक असते. गोव्यातील दाबोळी व मोपा या विमानतळांबाबतही हेच लागू होते.

सोलापूरहून मुंबईला एका तिकिटावर आणि तेथून परदेशी दुसऱ्या कंपनीच्या स्वतंत्र तिकिटावर जाताना विशेष काळजी घ्यावी लागते. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकल्यास दुसऱ्या कंपनीवर साधारणतः जबाबदारी येत नाही. तुलना साधनांवर दिसणारे स्वतंत्र तिकिटांचे स्वस्त संयोग या दृष्टीने तपासावे लागतात.

प्रचलित समज

ठरावीक वारी तिकीट घेतल्यास ते नेहमी स्वस्त मिळते, असा समज प्रचलित आहे. दर दिवसातून अनेकदा बदलत असल्याने असा कायमचा नियम आढळत नाही. खरेदीच्या वारापेक्षा प्रवासाचा वार आणि वेळ यांचा दरावर अधिक परिणाम होतो.

एकच मार्ग वारंवार शोधल्याने दर वाढतो, असेही अनेकांना वाटते. दोन शोधांच्या मध्ये स्वस्त श्रेणीतील आसने विकली जाणे किंवा साधनाने साठवलेला जुना दर ताजा होणे ही अशा वाढीची सामान्य कारणे आहेत.

गटासाठी तिकीट शोधताना वेगळी अडचण येते. स्वस्त श्रेणीत तीनच आसने उरली असतील आणि चार प्रवाशांसाठी एकत्र शोध घेतला, तर अनेक प्रणाली चौघांनाही वरच्या श्रेणीचा दर दाखवतात. प्रथम एका प्रवाशासाठी शोध घेऊन दर पाहिल्यास हा फरक लक्षात येतो. मात्र तिकिटे वेगवेगळी काढल्यास ती स्वतंत्र आरक्षणे ठरतात आणि उड्डाण रद्द झाल्यास सर्वांना एकत्र पर्यायी विमान मिळेलच असे नाही.

टीका

यांतील अनेक साधनांचे उत्पन्न जाहिराती, विक्रेत्यांकडून मिळणारे शुल्क किंवा तिकीट विक्रीवरील दलाली यांतून येते. त्यामुळे ‘आता घ्या’ हा सल्ला प्रवाशाच्या हिताचा की विक्रीच्या हिताचा, असा प्रश्न उपस्थित केला जातो. ‘या दरात दोनच आसने शिल्लक’ यांसारख्या सूचनांमुळे ग्राहकावर घाईचा दबाव येतो, अशीही टीका होते. अंदाज कसा काढला आणि तो पूर्वी कितपत खरा ठरला, हे बहुतेक साधने उघड करत नाहीत.

हे सुद्धा पहा

* सोलापूर विमानतळ
* पुणे विमानतळ
* नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
* उडान योजना
* मोडनिंब